‘जपून’ म्हणजे नेमकं किती? मेलानोमाच्या शस्त्रक्रियेनंतर पायाचा व्यायाम

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४६, डाव्या पोटरीवरचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, काढला, मांडीची त्वचा घेऊन तिथे ग्राफ्ट लावलं, जांघेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या, आणि या सगळ्याला आता सात आठवडे झाले. जखमा भरल्याचं सर्जननी सांगितलंय. तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, सुरू होणार. आजारापूर्वी तुम्ही आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर धावत होता. आता टाच टेकली की पोटरी ओढते, संध्याकाळी घोटा भरून येतो, आणि घरी सोडताना मिळालेली सूचना एकच: ‘जपून राहा, हळूहळू हालचाल वाढवा.’ घरातलं एक माणूस म्हणतं, पाय चालवलास तर सूज कायमची राहील. दुसरं म्हणतं, रोज दहा हजार पावलं चाल. आणि तुम्ही विचारताय, पुन्हा धावता कधी येईल?

धावण्याबद्दल सांगतेच, पण त्याआधी तुमच्या प्रश्नाखाली असलेला दुसरा प्रश्न घेते, कारण तुमची अडचण खरी तिथे आहे. आज जे केलं ते जास्त झालं की कमी, हे तुम्हाला कळत नाही. ‘जपून’ या शब्दाला माप नाही. गोळी देताना किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे सांगतात, व्यायामाच्या बाबतीत मात्र ‘झेपेल तसं’ म्हणून मोकळे होतात. मग भित्रा माणूस काहीच करत नाही आणि धीट माणूस तिसऱ्या दिवशीच ग्राफ्टची कड सोलून घेतो. गेली १९ वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्यांबरोबर काम करते आहे, आणि हे दोन्ही प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत.

आधी हे सांगायला हवं की काही गोष्टी पाय बघितल्याशिवाय मला ठरवता येणार नाहीत. फक्त जांघेतल्या ग्रंथी काढल्या की ओटीपोटाच्या आतल्याही, पुढे तिथे रेडिएशन द्यायचं आहे का, पूर्वी पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली होती का, मधुमेह आहे का, पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा कसा आहे, यांवर बरंच अवलंबून आहे. खाली जे लिहिलंय ते जखमा पूर्ण बंद आहेत, ताप नाही, पोटरी अचानक दुखून कडक झालेली नाही आणि सर्जनची हालचालीला परवानगी आहे, असं धरून लिहिलंय. यातलं एक जरी तुम्हाला लागू नसेल तर आधी फोन सर्जनला करा.

आता सात आठवड्यांनी पायात नेमकं काय चाललंय ते बघू. कापून शिवलेल्या त्वचेची ताकद तीन आठवड्यांनी मूळ त्वचेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ती साधारण ८० टक्क्यांवर जाते आणि त्याच्या फारशी वर कधीच जात नाही. तुम्ही या दोन्हींच्या मधे आहात. म्हणजे जांघेतली शिवण रोजच्या हालचालीला घाबरण्याइतकी कच्ची नाही, पण एकदम लांब टांग टाकण्याइतकी पक्कीही नाही.

ग्राफ्टची गोष्ट वेगळी आहे. मांडीवरून घेतलेला तो पातळ थर पहिले एक-दोन दिवस खालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग त्याच्या बारीक रक्तवाहिन्या खालच्या वाहिन्यांशी जुळतात. सुरुवातीच्या दिवसांत पाय हलवू देत नाहीत ते यासाठी. त्या काळात ग्राफ्ट खालच्या थरावर जरासं सरकलं तरी हे जुळलेले धागे तुटतात. तो धोका आता टळलाय. आता अडचण उलटी आहे, कारण ग्राफ्ट खाली घट्ट चिकटून बसलंय. मेलानोमा काढताना भोवतालची निरोगी त्वचा आणि खालची चरबीही काढतात. गाठ जाड असेल तर चहूबाजूंनी दोन सेंटिमीटरपर्यंत, खोलीला थेट स्नायूवरच्या आवरणापर्यंत. त्यामुळे तुमच्या पोटरीवर आता त्वचा आणि स्नायू यांच्यात सरकायला गादीच उरलेली नाही. टाच टेकताना जे ओढतं ते मुख्यतः हेच, शिवाय सात आठवडे आखडून राहिलेला स्नायू. त्या ओढीने ग्राफ्ट फाटत नाही. ती ओढ सैल करणं हेच आपलं पहिलं काम आहे.

सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक सांगते. जांघेची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंना मी ‘पाय उशीवर ठेवा, विश्रांती घ्या, सूज उतरू दे’ असं सांगून पाठवलं होतं. त्या अगदी शिस्तीच्या होत्या, सांगितलं ते तंतोतंत पाळलं. चौथ्या महिन्यात परत आल्या तेव्हा कमरेत वाकून, चवड्यावर चालत होत्या. सूज होतीच, वर घोटा आणि खुबा दोन्ही आखडले होते. जे सातव्या आठवड्यात तीन-चार आठवड्यांत सुटलं असतं त्याला पुढे पाच महिने लागले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण तेव्हापासून नुसती ‘विश्रांती’ मी कुणाच्या कागदावर लिहीत नाही.

तर पहिलं काम टाच. भिंतीसमोर उभ्या राहा, डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटांवर ठेवा, आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करा. लागला तर पाय जरा मागे घ्या, नाही लागला तर पुढे. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो त्या शेवटच्या जागी अंगठा ते भिंत हे अंतर फूटपट्टीने मोजा. मग उजव्या पायाचं मोजा. बहुतेकांचा चांगला पाय ९–१० सेंटिमीटरच्या आसपास असतो. ग्राफ्टवाला पाय सात आठवड्यांनी २–३ वर अडकलेला मी नेहमी बघते. हा आकडा पाहून घाबरू नका. फार पटकन सुधारणाऱ्या आकड्यांपैकी तो एक आहे.

सुधारायचं कसं? हाच मोजमापाचा पवित्रा व्यायाम म्हणून वापरा. गुडघा हळू पुढे न्या, ओढ जाणवली की तिथे ३० सेकंद थांबा, श्वास रोखू नका, मागे या. असं चार वेळा, दिवसातून तीनदा. शून्य म्हणजे अजिबात ओढ नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापावर ती तीन-चारच्या आत राहिली पाहिजे. थांबवल्यावर एक-दोन मिनिटांत ती गेली पाहिजे. ग्राफ्टचा रंग ताणताना किंचित फिका पडतो आणि सोडल्यावर परत येतो, यात काळजीचं काही नाही. पांढरं पडून तसंच राहिलं, कडेला चीर दिसली किंवा ओलं लागलं तर त्या दिवसापुरतं थांबा आणि फोटो काढून सर्जनला पाठवा.

याच्या जोडीला ग्राफ्टचा मसाज. जखम पूर्ण कोरडी आहे, कुठेही खपली नाही, याची खात्री झाल्यावर साधं, वास नसलेलं मलम बोटाला लावून ग्राफ्टच्या कडेवर बोट टेकवा. बोट त्वचेवरून घसरवायचं नाही. त्वचेला बोटाबरोबर घेऊन खालच्या थरावर सरकवायचं, आधी वर-खाली, मग आडवं, मग लहान गोल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. ग्राफ्टमध्ये तेलग्रंथी आणि घामाच्या ग्रंथी चालत नाहीत, त्यामुळे मलमाशिवाय ते कोरडं पडून चिरतं.

मसाजचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. दिवसातून दोनदा त्या जागेवर बोट फिरवणारं माणूस तुम्हीच असता. ग्राफ्टच्या आसपास, किंवा तिथून जांघेकडे जाणाऱ्या वाटेवर त्वचेत वा त्वचेखाली मुगाच्या दाण्याएवढी नवी कडक गाठ लागली, नवा काळा-निळसर ठिपका दिसला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. बहुतेक वेळा तो टाक्याचा उरलेला धागा किंवा व्रणाची गुठळी निघते. पण मेलानोमा परत येण्याची ही एक ओळखीची वाट आहे, म्हणून ती गाठ त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या बोटाखाली गेली पाहिजे.

दुसरं काम जांघ. तिथे शिवण असली की माणूस नकळत कमरेत वाकून उभं राहतं आणि पावलं आखूड टाकतं. मागचा पाय मागे जातच नाही. हे आरशात समोरून दिसत नाही, म्हणून कुणाला तरी बाजूने तुमच्या चालण्याचा व्हिडिओ काढायला सांगा. व्यायाम साधा आहे. पालथं झोपा, सुरुवातीला पोटाखाली पातळ उशी घेऊन, पाच मिनिटं. दोन-चार दिवसांनी उशीशिवाय, मग दहा मिनिटं. झोपेतून उठताना आणि झोपताना असं दोनदा पुरतं. काही शस्त्रक्रियांत उघड्या पडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या झाकायला मांडीचा एक लांब स्नायू, सार्टोरियस, वरून सोडवून त्यांच्यावर आणतात. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर तसा उल्लेख आहे का ते बघा. असेल तर मांडी घालून बसणं आणि वजन लावून पाय वर उचलणं सर्जननी मोकळीक देईपर्यंत टाळा. मांडीच्या पुढच्या-आतल्या बाजूला बधिर किंवा मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर ते त्वचेच्या नसा दुखावल्यामुळे. त्याने व्यायाम अडत नाही, पण तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही.

आता सुजेकडे येते, कारण तुमच्या घरातला वाद तिथेच आहे. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लसिकेला, म्हणजे ऊतींतून परत वाहून जाणाऱ्या द्रवाला, तसा मध्यवर्ती पंप नाही. लसिकावाहिन्या स्वतः बारीक आकुंचन पावतात, आणि त्यांना आणखी जोर मिळतो तो शेजारच्या स्नायूंच्या दाबातून आणि श्वासाबरोबर छाती-पोटातल्या बदलणाऱ्या दाबातून. जांघेतल्या ग्रंथी काढल्या म्हणजे मोठा रस्ता बंद झाला, आता वाहतूक गल्लीबोळांतून होते. अशा वेळी पोटरीचा स्नायू चालवायचाच नाही, म्हणजे उरलेला पंपही बंद ठेवायचा. म्हणून ‘पाय चालवलास तर सूज राहील’ हे बरोबर नाही.

पण दहा हजार पावलांचा आग्रहही बरोबर नाही. स्नायू कामाला लागला की त्याचा रक्तपुरवठा वाढतो, द्रव जास्त झिरपतो, आणि गल्लीबोळांना जेवढं पेलतं त्यापेक्षा जास्त एकदम आलं तर ते साचतं. सगळी किमया हळूहळू वाढवण्यात आहे. याचा सगळ्यात चांगला पुरावा स्तनांच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या स्त्रियांमधला आहे. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात अशा १४१ स्त्रिया होत्या. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी कमीपासून सुरुवात करून, हाताला मापाचा दाबपट्टा घालून. त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट सूज अचानक चिघळण्याचे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी झाले: २९ टक्क्यांच्या जागी १४. ते हात होते आणि तुमचा पाय आहे, आणि पाय दिवसभर खाली लोंबतो हा फरक मोठा आहे. तरी तत्त्व तेच, आणि माझ्या रुग्णांच्या पायांमध्ये मी तेच बघत आलेय.

धोका किती, याचाही अंदाज असावा. मेलानोमाच्या एमएसएलटी-२ या मोठ्या चाचणीत, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सगळ्या ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के जणांना लिम्फिडिमा, म्हणजे लसिका साचून येणारी सूज, झाली. जांघेची शस्त्रक्रिया काखेपेक्षा जास्त जोखमीची, त्यामुळे तुमचा वाटा या सरासरीपेक्षा जास्त धरा. लक्ष ठेवायला हवं इतका हा धोका आहे, पण पाय उशीवर ठेवून बसावं इतका नाही.

लक्ष ठेवायचं ते मोजफितीने. डोळ्यांना सूज दिसते तोवर बरंच साचलेलं असतं. दोन्ही पायांवर बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून वर १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर पेनाने खुणा करा, आणि गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर एक. घोट्याभोवती एक माप, चवड्याभोवती एक. सकाळी उठल्या उठल्या, फीत त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी. आठवड्यातून दोनदा मोजलं तरी चालेल, रोज मोजून जीव टांगणीला लावू नका. इथे एक गोम आहे. तुमच्या डाव्या पोटरीतून ऊतीचा एक तुकडाच काढलाय आणि स्नायूही रोडावलाय, त्यामुळे तिथलं माप उजव्यापेक्षा कमीच येणार. पोटरीत सूज असूनही दोन्ही पाय सारखे दिसू शकतात. म्हणून पोटरीची तुलना तिच्याच गेल्या आठवड्याच्या आकड्याशी करा, आणि घोटा, चवडा व मांडी यांची उजव्या पायाशी. या जागांवर दोन सेंटिमीटरचा फरक टिकून राहिला, किंवा माप सलग दोन आठवडे चढत गेलं, तर लिम्फिडिमाचं काम करणाऱ्या थेरपिस्टकडे जा. सुरुवातीला पकडलेली सूज दाब देणाऱ्या मोज्याने आणि व्यायामाने बरीच आवरते.

मोज्याबद्दल थोडक्यात. मापाचा कॉम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे पायाला दाब देणारा मोजा, चालताना आणि व्यायामाच्या वेळी घालावा असं माझं मत आहे, पण तो ग्राफ्टवर घालायला सर्जनची परवानगी आणि पायाच्या धमन्या ठीक असल्याची खात्री हवी. घालताना तो ग्राफ्टवरून ओढत नेऊ नका, गुंडाळी करून टाचेपासून उलगडत न्या. सुरकुती पडली की तिथेच रुततो.

तर आता माप. ‘जपून’ला मी दिलेलं माप दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. व्यायाम करताना कसं वाटलं यावर फार जाऊ नका, कारण उत्साहात दुखणं कळत नाही आणि भीतीत नसलेलं दुखणं जाणवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं खरं सांगतात. टाच कालच्याइतकी टेकते का, घोट्याचं हाड कालच्यासारखं दिसतंय की बुजलंय, ग्राफ्टची कड शाबूत आहे का. तिन्ही उत्तरं ठीक असतील तर कालचं प्रमाण पायाला पेललं. सलग तीन वेळा पेललं की एकच गोष्ट वाढवा: वेळ किंवा वेग किंवा वजन, तिन्ही एकदम नाही. संध्याकाळी घोटा भरला पण सकाळपर्यंत उतरला, तर ते गुरुत्वाकर्षणाचं काम आहे, घाबरायचं कारण नाही. सकाळीही भरलेला राहिला तर पुढचे दोन दिवस प्रमाण निम्मं करा. निम्मं म्हणतेय, बंद नाही. निम्मं करूनही उतरला नाही तर दाखवा.

आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा. सूज, त्याबरोबर लालसर तापलेली त्वचा, थंडी वाजून ताप, हे व्यायामाने होत नाही. तो जंतुसंसर्ग असतो, लसिकाग्रंथी काढलेल्या पायात तो झपाट्याने पसरतो, आणि त्याच दिवशी प्रतिजैविकं लागतात. पोटरी एकाएकी कडक होऊन दुखू लागली, किंवा त्याबरोबर धाप लागली, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. त्यासाठी थेट इमर्जन्सीत जायचं.

आजच्या घडीला सुरुवात कुठून करायची? मी तुमच्या जागी असलेल्या कुणाला सपाट जागेवर दहा मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा, इथून सुरू करायला लावते. वेग असा की पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. मधल्या वेळेत घोटा वर-खाली २० वेळा, तासातून एकदा, विशेषतः बसून काम असेल तर. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा. भिंतीला हात टेकून दोन्ही चवड्यांवर उंच होणं आणि खाली यायला तीन सेकंद घेणं, ८ वेळा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, ८ वेळा. प्रत्येकाचे दोन फेरे. शेवटच्या एक-दोन खेपांना जोर लागावा, पण आणखी दोन-तीन निघाल्या असत्या असं वाटावं. हाताचे आणि उजव्या पायाचे व्यायाम तर आजपासून पूर्ण जोमाने करा. डावा पाय सावकाश चालला म्हणून बाकीचं शरीर ढिलं पडू द्यायचं कारण नाही.

पोहणं आवडत असेल तर जखमेवर एकही खपली उरली नाही की ते उत्तम. पाण्यात उभं राहिलं की दाब घोट्याशी जास्त आणि मांडीशी कमी असतो, म्हणजे पाणी स्वतःच चढत्या दाबाच्या मोज्याचं काम करतं.

बाहेर चालताना ऊन हा तुमच्यासाठी वेगळा विषय आहे. अतिनील निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, यूव्ही इंडेक्स) ३ किंवा जास्त असेल त्या वेळी अंग झाकणारे कपडे, टोपी, आणि उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. शक्यतो सकाळ किंवा संध्याकाळच धरा. ग्राफ्ट आणि मांडीवरची त्वचा काढलेली जागा उन्हात लवकर आणि कायमची काळवंडते, त्यांना कापडाचंच आवरण द्या. माझ्याकडे सायकल मारणाऱ्या एका गृहस्थांच्या ग्राफ्टच्या कडेने घामाचे थेंब ओळीत उभे असत, आणि मधला हातभर भाग कागदासारखा कोरडा, हाताला गरम. इतक्या भागावर घाम येत नाही म्हटल्यावर उन्हाच्या तडाख्यात ती त्वचा लवकर तापते, म्हणून व्यायामानंतर ओल्या कपड्याने टिपून मलम लावायची सवय लावा.

आता धावणं. तारीख देत नाही, अटी देते. ३० मिनिटं भरभर चालून सलग दोन आठवडे सकाळचा घोटा साफ. भिंतीच्या मापात दोन्ही पायांतलं अंतर दोन सेंटिमीटरच्या आत. डाव्या एकट्या पायावर चवडा उंच करणं निदान २० वेळा, टाच पूर्ण उंचीवर नेऊन. डाव्या पायावर दहा उड्या, दुखण्याशिवाय आणि लंगडण्याशिवाय. चारही जमल्या आणि सर्जन हो म्हणाले की एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असे सहा फेरे, एक दिवस आड. दर आठवड्याला धावण्यात अर्धा ते एक मिनिट वाढवा, आणि तेही सकाळची तपासणी साफ असेल तरच. पोटरीवर ग्राफ्ट असलेले माझे रुग्ण या अटींपर्यंत साधारण शस्त्रक्रियेनंतर चौथ्या ते सहाव्या महिन्यात पोचतात. काहींना जास्त लागतात, विशेषतः जांघेची जखम मधे उघडली असेल किंवा रेडिएशन झालं असेल तर. रेडिएशननंतर ऊती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं आखडत जातात, त्यामुळे ताणाचे व्यायाम धावायला लागल्यावरही सोडायचे नाहीत.

हेच उत्तर वाचणाऱ्या, पण शस्त्रक्रिया दुसरीकडे झालेल्या कुणासाठी दोन वाक्यं. काखेतल्या ग्रंथी काढल्यानंतर काही आठवड्यांत काखेतून कोपराकडे दोरीसारखी ताठर रेघ उठू शकते. ती दिसली म्हणून हात वर नेणं थांबवू नका, हळूहळू ताणून ती सुटते. मानेतल्या ग्रंथी काढल्यावर खांदा खाली उतरला आणि हात बाजूने खांद्याच्या वर जात नसेल, तर नस दुखावलेली असू शकते. तिथे जोर लावून हात उचलण्याआधी फिजिओथेरपिस्टला खांद्याचं पातं दाखवा.

राहिली इम्युनोथेरपी. तिच्यामुळे येणाऱ्या थकव्यावर झोपून राहणं हा उपाय नाही. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी एकत्र बसून जी शिफारस केली तीत कॅन्सरच्या थकव्यासाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम व्यायाम आणि जोडीला दोनदा ताकदीचे व्यायाम, निदान १२ आठवडे, असं सांगितलंय. थकलेल्या दिवशी ३० मिनिटांचे दहा-दहाचे तीन तुकडे करा, पण सगळं सोडू नका.

मात्र या औषधांत एक अडचण आहे. ती रोगप्रतिकारशक्तीचा लगाम सोडतात, आणि मोकाट सुटलेली ती शक्ती कधी कधी स्वतःच्याच अवयवांवर उठते: थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी, मेंदूखालची पिट्युइटरी ग्रंथी, फुप्फुसं, सांधे, स्नायू, आणि क्वचित हृदय. हृदयावरचा हल्ला दुर्मीळ, पण जिवावर बेतू शकतो, आणि बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. त्यामुळे छातीत दुखणं, नव्याने लागणारी धाप, धडधड, उभं राहिल्यावर घेरी, एकाचे दोन दिसणं, पापणी उतरणं, जिना चढताना मांड्यांतली ताकदच गेल्यासारखं होणं, यांतलं काहीही दिसलं तर ‘व्यायाम जास्त झाला असेल’ असं म्हणून दोन दिवस वाट बघायची नाही. व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना कळवा. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही हे परिणाम उगवू शकतात.

व्यायामाचा थकवा आणि औषधाचा दुष्परिणाम यांतला फरक ओळखायला आधीचे आकडे हातात लागतात. एका तरुण रुग्णाने मला सांगितलं होतं, ‘मॅडम, गेल्या आठवड्यात खुर्चीवरून १६ वेळा उठलो, आज ९ वेळातच पाय थरथरले.’ दुखणं नव्हतं, ताप नव्हता, फक्त हा आकडा होता. त्यावरून रक्त तपासलं आणि थायरॉइड खाली गेलेलं सापडलं. आकडा लिहिलेला नसता तर दोघांनीही ते थकव्यावर ढकललं असतं.

म्हणून पुढच्या तीन आठवड्यांत, पहिलं औषध चढण्याआधी, वहीच्या एका पानावर एवढं लिहून ठेवा: ३० सेकंदांत हात न लावता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, सहा मिनिटांत सपाट जागेवर किती अंतर चालता येतं, सकाळी उठल्यावरची नाडी, वजन, भिंतीचं अंतर दोन्ही पायांचं, आणि मोजफितीची सगळी मापं. दर दोन आठवड्यांनी त्याच पानावर पुढचा रकाना भरा, आणि प्रत्येक इन्फ्युजनला ते पान डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.